देवकाचा दाखला

"देवक कंचं तुमचं?" असं महिपतरावांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता. तो गिळेपर्यंत खरं बोलायचं ठरवलं असतं, तर पुढचा आठवडा मी सुखानं झोपलो असतो. पण बत्तीस वर्षं हायस्कुलात हेडक्लार्की करून रिटायर झालेल्या माणसाला "माहीत नाही" म्हणणं जमत नाही. मुलाची जन्मतारीख माहीत नाही म्हणणाऱ्या पालकांना मी पायरीवरूनच परत पाठवत असे. तेव्हा मी घास गिळला, रुमालानं मिशी पुसली आणि भारदस्त आवाजात म्हणालो, "कळंब."

कळंबच का, हे मला आजही सांगता येणार नाही. आमच्या शाळेच्या फाटकाशी एक कळंब आहे आणि तो मला नेहमीच सभ्य वाटत आलेला आहे, एवढंच.

महिपतरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. हे मुलाचे काका. मुलाचे वडील मुंबईत नोकरीला, त्यामुळे घरात शब्द चालतो तो काकांचा. आयुष्यभर एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा केल्यामुळे घरगुती बोलणंही ते लाऊडस्पीकरवर बोलल्यासारखं बोलतात. ते म्हणाले, "आमचंबी कळंबच."

हल्लीच्या मुलांना देवक ठाऊक नसतं म्हणून सांगतो. लग्नाआधी घराण्याचं झाड किंवा वस्तू मांडवाच्या मेढीला, म्हणजे खांबाला, बांधून पुजतात, ते देवक. ज्यांचं देवक एक, ती माणसं एका रक्ताची. त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे माझी मुलगी अक्षदा आणि समोर बसलेला हर्षद हे दोघं माझ्या एका शब्दानं बहीण-भाऊ झाले होते. बरं, ही दोघं तीन वर्षं एमआयडीसीतल्या एकाच कंपनीच्या लॅबमध्ये एकमेकांच्या डब्यातलं जेवत होती. आजचा बघण्याचा कार्यक्रम फक्त आम्हा मोठ्या माणसांच्या समाधानासाठी होता. हर्षद लाडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता, नुसता अविश्वास होता.

"म्हणजे," मी म्हणालो, "आमच्यात दोन पाती, दोन शाखा आहेत. थोरल्या पातीचं कळंब. आमच्या पातीचं जरा पाहून सांगावं लागेल."

"सोताचं देवक पाहून सांगायचं?"

"जुने कागद आहेत."

"मंग कागद घेऊन या. येता रविवार. त्या दिवशी दुपारी भोरचे पाव्हणे येनार हायेत, त्यांची पोरगी एमेस्सी झालेली हाय. तुमी दुपारच्या आत आलात तर ठीक, नायतर मी त्यांना शब्द देनार." एवढं बोलून ते उठले. हर्षदला लाडू तसाच ठेवून उठावं लागलं.

पाहुण्यांची गाडी पोलादपूरच्या रस्त्याला लागली नाही तोच घरात माझी चौकशी सुरू झाली. राजश्री, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, अठ्ठावीस वर्षं संसार केला, कळंबाचं नाव मी आज ऐकलं. आपल्या लग्नात तर मेढीला पाच झाडांची पानं बांधली होती."

"तू कधी विचारलंस?"

"पप्पा," अक्षदा म्हणाली, "एवढंच सांगा. कळंब खरं, की तुम्ही ठोकून दिलंत?"

"असावं," मी म्हणालो.

"असावं म्हणजे?"

मी पंख्याकडे पाहिलं. ती रडली असती तर मी तिला समजावलं असतं, त्याची मला सवय आहे. पण ती रडली नाही. "त्यांच्या घरात काकांचा शब्द फिरत नाही, पप्पा," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन कपबशा विसळायला लागली. एकेक बशी तिनं इतक्या सावकाश विसळली की मला प्रत्येक बशीचा आवाज ऐकावा लागला.

आमच्या वरच्या मजल्यावर मोरूभाऊ राहतात. लोकांच्या घरात काही बिघडलं की त्यांना ते जिन्यातूनच कळतं. उरलेले पोहे संपवता संपवता त्यांनी मला तीन उपाय सुचवले. पहिला, महिपतरावांनाच त्यांचं देवक बदलायला सांगायचं. दुसरा, नळीत थुंकून ती परदेशी पाठवायची, दीड महिन्यात आपल्या सात पिढ्या कुठून आल्या ते टक्केवारीसकट छापून येतं. त्यांच्या पुण्याच्या मुलानं थुंकी पाठवली होती आणि तो चौदा टक्के भलताच कोणी निघाला होता, तेव्हापासून तो फोन कमी करतो. त्यात देवक छापून येत नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. तिसरा उपाय ऐकून मात्र राजश्रीचे डोळे चमकले. मुलगी मामाला दत्तक द्यायची. मामानं कन्यादान करायचं, मामाचं देवक लागतं, प्रश्न मिटला.

"आमच्या माहेरचं देवक वड आहे," राजश्री लगेच म्हणाली. "दादाला मी आत्ता फोन करते."

मी ताडकन उठलो. ज्या माणसानं माझ्या लग्नात मला दिलेल्या घड्याळाची पावती स्वतःजवळ ठेवली, त्याला मी माझी मुलगी दत्तक देऊ? आणि पत्रिकेत माझं नाव कुठे? निमंत्रकांत? मी सांगितलं, "मला घराणं आहे. मी ते शोधून काढीन."

आमचं घराणं मोठं आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमचे मूळपुरुष वरंधा घाटातून घोड्यावर बसून खाली उतरले. महाडात इतक्या लोकांचे पूर्वज घोड्यावरून आलेले आहेत की त्या काळी पायी कोण चालत होतं, असा प्रश्न पडावा. पण आमचा घोडा खरा होता. वडील सांगत तेव्हा त्याचा रंगही सांगत.

सोमवारी सकाळी नऊ पंचावन्नला मी एका कचेरीच्या अभिलेख कक्षासमोर हजर झालो. कचेरीचं नाव सांगत नाही, मला तिथे पुन्हा जावं लागू शकतं. मला वाटलं होतं मी एकटाच असेन. पण हल्ली अख्खा तालुका आपापले पणजोबा शोधत फिरतो आहे. माझ्या पुढे सव्वीस माणसं होती. नातेगावचा एक गृहस्थ तर पूर्वज सापडेपर्यंत हलायचं नाही म्हणून भाकरी बांधून आला होता.

खिडकीत चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी होती. गळ्यात ओळखपत्र, नाव साक्षी. मी म्हणालो, "बाळ, मी हायस्कूलचा हेडक्लार्क."

"ओळखलं सर. मी तुमच्याच शाळेची. दहावीचा दाखला न्यायला मी पाच वेळा आले होते. पाचव्यांदा तुम्ही म्हणालात, शाईचा पेन वापर."

मी हसलो. ती हसली नाही. तिनं एक छापील अर्ज पुढे सरकवला. "याच्यासोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागेल."

"अगं, वंशावळ शोधायलाच तर मी आलोय."

"हो सर. पण वंशावळ शोधायला वंशावळ जोडावी लागते. तसा नमुनाच आहे."

या वाक्यात मला जराही चूक सापडली नाही, हे माझं खरं दुःख. तिच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, वर शाईच्या पेनाचंही बोललो असतो. सोमवार प्रतिज्ञापत्रात गेला. मंगळवारी कळलं की त्यावर मूळपुरुषाला ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मोरूभाऊ एका पायावर तयार झाले. शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या पणजोबांना आपण व्यक्तिशः ओळखतो, असं त्यांनी लिहूनही दिलं. दुसरी सही भाकरीवाल्या गृहस्थानं केली आणि त्याच्या अर्जावर माझी घेतली. त्यामुळे नातेगावच्या एका घराण्याचे मूळपुरुष आता कागदोपत्री माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत.

बुधवारी वरंधची कोतवाल बुकं निघाली. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची जुनी वही, बहुतेक सगळी मोडी लिपीत. दोन हजार एकवीसच्या पुरात खालच्या कप्प्यांतल्या वह्या भिजल्या होत्या, त्या पापडासारख्या वाळवून ठेवल्या होत्या आणि पान उलटताना तसाच आवाज करत होत्या. मोरूभाऊंनी मोडीचं आठ दिवसांचं शिबिर केलेलं आहे. त्यांनी चष्मा लावून दोन तास वाचलं आणि जाहीर केलं की माझे पूर्वज हे बहुधा चार पोती मीठ आहेत. मी त्यांना चहाला पाठवलं.

बुधवार संपला. त्या रात्री जेवताना अक्षदाचा फोन वाजला, तिनं तो उलटा करून ठेवला. मी हळूच विचारलं, "हर्षद?"

"नाही. भोरची माणसं रविवारी नक्की येतायत, ते सांगायला त्याची बहीण." तिनं ताटातली भाकरी तुकडे करून ठेवली आणि तशीच उठली. मला तेव्हा खरंच भीती वाटली. माझ्या मिशीसाठी, माझ्या आवाजासाठी मी माझ्या मुलीचं लग्न मोडलेलं आहे, हे मला ताटावर बसून स्पष्ट दिसलं. सगळं सांगून टाकावं असं मनात आलं. पण आता कळंब खोटं होतं म्हटलं, तर महिपतराव एवढंच म्हणणार, सोयीचं म्हणून आता खोटं बोलताय.

गुरुवारी साक्षीनं विचारलं, "सर, वरंधच का शोधताय?"

"घोडा तिथूनच उतरतो."

"आणि आजोबांची जमीन कुठे होती?"

जमीन नव्हती म्हणण्याइतकीच होती. दासगावात खाडीलगत एक तुकडा, आजोबांनीच विकलेला. साक्षी आत गेली आणि दासगावची वही घेऊन आली. मोडी तिला सरळ वाचता येत होती. ओळींवर बोट फिरवत ती पानं उलटत होती आणि मी खिडकीच्या गजांना धरून उभा होतो. पावणेदोनला, जेवायची सुट्टी होऊन पंधरा मिनिटं झाली होती तरी ती उठली नव्हती, तेव्हा तिचं बोट थांबलं.

"चांगू. तुमच्या आजोबांच्या वडलांचं नाव चांगू ना?"

"चांगोजीराव," मी म्हणालो.

"इथे चांगू आहे. मृत्यू, एकोणीसशे एकतीस. बापाचं नाव, माहीत नाही." ती थांबली. "शेऱ्यात लिहिलंय सर. वाचू?"

"वाच."

"'लहानपणी गलबतावरून आलेला. आई हबशीण, नाव माहीत नाही. मंजुळा, धंदा शेती, हिने पाळला.'"

तिनं ते मला बाळबोधीत लिहून दिलं. मी तिथल्या बाकावर बसलो. नातेगावच्या गृहस्थानं माझ्याकडे पाहून न विचारता अर्धी भाकरी पुढे केली. आमच्या घोड्याचा रंग मला माहीत होता आणि घोडाच नव्हता. दासगाव बंदर होतं तेव्हा कुठल्यातरी गलबतावरून एक सिद्दी बाई आणि तिचं पोर आलं होतं, त्या पोराचा मी पणतू. आणि देवकाबद्दल वहीत एक अक्षर नव्हतं.

"देवक कागदावर नसतंच सर," साक्षी म्हणाली. "ते बायकांना विचारायला हवं. घरात जुनी कोणी आहे?"

होती. वडिलांची चुलत बहीण, साळूआत्या. वरंधच्या वरच्या अंगाला एका वाडीत दिलेली, नव्वदीच्या घरातली. तिच्याकडे मी गेलो नव्हतो त्याला अकरा वर्षं झाली होती. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं वरंधला उतरलो आणि पुढचा चढ चढून गेलो. आत्या अंगणात वाल निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"कोन? अरविंदा? कोन मेला रे?"

"कोणी नाही आत्या. अक्षदाचं लग्न ठरतंय."

"मंग तुजा तोंड असा का?"

मी सगळं सांगितलं, कळंबासकट. कळंब ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "चांगू माजा आजा, तुजा पनजा. गलबत दासगावला लागला तवा त्याची आय तापानी मेलेली. तांडेलानी तिला खाडीच्या कडंला पुरली आन गलबत घेऊन गेला. पोर तितंच बसलेला. तीन-चार वरसांचा आसंल. हातात वल्ह्याचा तुकडा, त्यो काय सोडीना. मंजुळानी उचलला त्याला. तिला शेत व्हता, पोर नव्हता."

"आणि देवक?"

"तेच सांगतंय. लगीन करायचा टाईम आला. भट म्हनला, देवक काय? भावकी म्हनली, आमचा देनार नाय. मंजुळा म्हनली, नका देऊ. ज्याला धरून ह्यो जगला त्योच ह्याचा देवक. वल्ह्याचा तुकडा बांधला मेढीला. तवापासनं त्योच हाय."

"पण माझ्या लग्नात तर पानं होती!"

"पानं वरनं गुंडाळतो. लोकास्नी पानं दिसतात. आत वल्हा. तुज्या लग्नात मीच बांधला, तू तवा बँडवाल्याशी भांडत व्हतास."

"मला कोणी सांगितलं नाही कधी."

"पुरुषास्नी नाय सांगत आमी. तुमी चारचौघांत बसून घोडं सांगनार."

ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. वीतभर लाकूड, तेल पिऊन पिऊन काळं झालेलं, एका बाजूला झिजून गुळगुळीत. तिनं ते माझ्या दोन्ही हातांत ठेवलं.

मला काय वाटलं ते लपवत नाही. आधी लाज वाटली. गावात कळलं तर काय, शाळेत कळलं तर काय. आणि मग त्या झिजलेल्या बाजूवर माझा अंगठा आपोआप बसला आणि लक्षात आलं की ही बाजू एका पोराच्या मुठीनं झिजली असेल. आत्यानं पुन्हा वाल निवडायला घेतले.

तरी माणसाचा स्वभाव एका दुपारीत जात नाही. परतीच्या एसटीत, वरंधपासून महाडपर्यंत, मी त्या गलबताचं आरमार केलं. वल्हं देवक, म्हणजे पूर्वज आरमारात. साधे खलाशी कशाला, तांडेल. तांडेल तरी कशाला, सरदार. महाडचा स्टँड आला तेव्हा चांगोजीरावांच्या हाताखाली सात गलबतं होती. हबशिणीचा विषय या कहाणीत कुठेच बसत नव्हता, म्हणून मी तो काढून टाकला.

शनिवारी संध्याकाळी मी ही कहाणी घरात म्हणून दाखवली. राजश्रीला आवडली. अक्षदानं साक्षीचा कागद वाचला होता. ती म्हणाली, "आणि ही बाई?"

"तिचं नाव सांगायची गरज काय? देवक वेगळं निघालं, काम झालं."

"हे सांगितलं तर लग्न होणार नाही, अक्षू," राजश्री म्हणाली. "महिपतराव आहेत ते."

"मग नको होऊ दे," अक्षदा म्हणाली. "पप्पा, पहिलं खोटं तुम्ही मला न विचारता बोललात. दुसरं मला विचारताय, तर मी नाही म्हणते. आयुष्यभर त्या घरात मी हे सांभाळत बसू?"

रविवारी सकाळी दहाला आम्ही पोलादपूरच्या पुढे त्यांच्या गावी पोचलो. ओटीवर महिपतराव, मागे खांबाला टेकून हर्षद, आणि कोपऱ्यात गोधडीवर बसलेल्या महिपतरावांच्या आई, आनंदीबाई. समोर लाडू ठेवलेले. हे लाडू आमच्यासाठी की भोरच्या पाहुण्यांसाठी, हे कळायला मार्ग नव्हता.

"कागद?" महिपतराव म्हणाले.

मी वल्ह्याचा तुकडा फडक्यातून काढून मधे ठेवला. आरमार जिभेवर तयार होतं. अक्षदा माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. मी म्हणालो, "महिपतराव, आधी एक सांगतो. कळंब मी ठोकून दिलं होतं. मला माझं देवक ठाऊक नव्हतं." आणि मग मी सगळं सांगितलं, साक्षीचा कागद वाचून दाखवला, शेऱ्यासकट.

महिपतरावांनी वाकून ते लाकूड न्याहाळलं. "देवक येगळं, हे मान्य," ते म्हणाले. "पन पाव्हणं, मूळपुरुषाचा बाप कोन ठाऊक नाय, आय हबशी. उद्या गावात कोन काय म्हनंल? रक्ताचं काय?"

शुक्रवारी हेच प्रश्न मी स्वतःला विचारले होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकले आणि माझं डोकं फिरलं. "गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे," मी म्हणालो. "चार वर्षांचं पोर होतं ते. आईला पुरून माणसं निघून गेली आणि ते काठावर एकटं बसलं होतं. मंजुळानं त्याला उचललं तेव्हा रक्त विचारलं नाही, म्हणून मी आज इथे बसलोय. त्या पोराबद्दल मी एक वाकडा शब्द ऐकून घेणार नाही. राजश्री, ऊठ. अक्षू, चल."

एवढं चांगलं मी आयुष्यात बोललो नव्हतो. बोलून लगेच निघून जायला हवं होतं. पण पायरीशी माझी एकच चप्पल होती. मी ओटीखाली पाहिलं, तुळशीमागे पाहिलं, एका पायावर उभा राहून अंगणभर नजर फिरवली. संतापलेला माणूस एका चपलेवर कसा दिसतो ते मी अनुभवलेलं आहे. शेवटी पाहतो तर दुसरी चप्पल हर्षदच्या हातात, पाठीमागे लपवलेली. लग्नात नवऱ्या मुलाचे जोडे मेहुण्या पळवतात, पण सासऱ्याची चप्पल जावयानं पळवल्याचं मी ऐकलेलं नाही.

"दे ती," मी म्हणालो.

"नाही देणार," तो म्हणाला. आठवडाभरात त्या मुलाचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. त्याचे कान लाल झाले होते, पण चप्पल त्यानं सोडली नाही.

"बसा वो," कोपऱ्यातून आनंदीबाई म्हणाल्या. "त्या पोराची आय. तिचं नाव काय व्हतं?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "कोणी लिहून ठेवलं नाही."

"हं." त्यांनी पदर सारखा केला. "महिपती, माज्या आयचं नाव काय?"

महिपतराव चमकले. "आये, आता हे कुठं..."

"सांग ना. कळंबाची चौदा पिढ्यांची नावं घडाघडा म्हनतोस. तुज्या आजीचं सांग. घाटावरनं पंधरा वरसाची आनली मला, ह्या घरात माज्या आयचं नाव कुनी इचारलं नाय. तुबी नाय."

स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ असलेल्या त्या माणसानं एकदा हर्षदकडे पाहिलं, मग छपराकडे. आनंदीबाईंनी वल्ह्याचा तुकडा उचलून मांडीवर घेतला आणि पदरानं पुसला.

"देवक बसवताना भट मूळ बायचं नाव इचारतो," त्या मला म्हणाल्या. "रिकामं कसं सोडायचं? माझं लावा. आनंदी."

राजश्रीनं डोळ्याला पदर लावला. मग महिपतरावांचा आवाज आला, अगदी बारीक, मी तो आवाज त्यांच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. "पन आये, मंग दोनी घरांची बाय एकच झाली. पुन्ना भाऊबंदच की."

"गप रे. आत चहा उतू चाललाय तो बग. आन भोरच्या पाव्हण्यांना फोन लाव."

महिपतराव उठले आणि आत गेले. आधी चहा बघितला, मग फोन लावला. आतून घोषणा ऐकू आली की आजचा कार्यक्रम रद्द झालेला आहे, तरी प्रवाशांनी, म्हणजे पाहुण्यांनी, नोंद घ्यावी.

वैशाखात महाडच्या एका कार्यालयात लग्न झालं. सकाळी दोन्ही बाजूंची देवकं एकाच हॉलमध्ये बसली, मधे खुर्च्यांच्या दोन रांगा. त्यांच्या बाजूला कळंबाची फांदी. आमच्या बाजूला वल्हं, साळूआत्यानं स्वतः बांधलेलं. ती पानं गुंडाळायला लागली तेव्हा अक्षदानं तिचा हात धरला, आणि वल्हं तसंच उघडं राहिलं. मोरूभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवून शोध आपण लावल्याचं सांगत होते.

भटजींनी घाईत विचारलं, "मूळ मातेचं नाव?"

"आनंदी," मी मोठ्यानं म्हणालो.

पलीकडच्या रांगेत आनंदीबाई बशीतून चहा पीत होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली आणि ओ दिली.